टोळ्या निघण्याआधी विचारलं

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात राहते. दोन वर्षांपूर्वी पालकसभेत माझं नाव पुढं आलं आणि मी जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले. समितीत किमान 75 टक्के पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात आणि शाळेचा विकास आराखडा याच समितीनं करायचा, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. मुख्याध्यापक सरांनी पहिल्याच दिवशी मला ती कलमं वाचून दाखवली. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

कपाटातले जुने आराखडे काढले. सगळ्यांत तेच ते: संरक्षक भिंत, संगणक, रंगरंगोटी. एका पानावर लिहिलं होतं, ‘हजेरीत घट, कारण पालकांची उदासीनता’. खाली तारीख डिसेंबरातली. ती तारीख बघून माझ्या पोटात कालवलं. आमच्याकडं दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, दिवाळीनंतर निम्म्या घरांना कुलपं. डिसेंबरात आईबाप सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकातल्या फडात असतात. ज्यांच्या लेकरांना शाळेची सगळ्यात जास्त गरज, ते गावात नसताना आपण त्यांना उदासीन लिहून मोकळे झालो होतो. समितीत मी म्हणाले, यंदा विचारायचं ते भादव्यातच.

पहिली सभा वाया गेली. रविवारी शाळेत बोलावलं तर सतरा जण आले, पुरुष बाकांवर आणि बायका दाराशी. अडचण काय विचारलं तर सगळे म्हणाले, काही नाही, चांगलंय. चहा पिऊन उठले. वाटेत माझी जाऊ म्हणाली, “अक्का, सरांच्या तोंडावर शाळेचं काय सांगावं? उद्या लेकराला त्यांच्याच पुढं बसायचंय.”

तिचं खरं होतं. मग आम्ही चौघी जणी, एकाही शिक्षकाला बरोबर न घेता, रात्रीची जेवणं उरकली की घरोघर जायला लागलो. ओट्यावर बसायचं, कागद लगेच बाहेर काढायचा नाही. ‘अडचण काय’ हा प्रश्नच सोडून दिला. त्याऐवजी विचारायचो, “परवा लेकरू शाळेत आलं नाही, ते कशामुळं?” एवढ्या फरकानं माणसं बोलायला लागली. वीस दिवसांत 84 घरं झाली.

सहावी-सातवीच्या मुली महिन्याचे चार दिवस घरी राहतात, हे कुणी आजवर बोललं नव्हतं. शौचालय बांधलेलं आहे, पण टाकीत पाणी चढत नाही. बादली भरून पोरांसमोरून न्यायची, म्हणून मुली येतच नाहीत.

तांड्यावर एक आई म्हणाली, “माझी पोरगी पहिलीत वर्षभर गप्प होती. बाईंना वाटलं मुकी हाय. घरी गोरमाटी, आमची बंजारा बोली, बोलती ती, मराठी कुठून येणार?” ही गोष्ट ऐकून आमच्यातल्या एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची लेक त्याच वर्गात होती.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते एका आजीनं. आईबाप तोडीला गेल्यावर मागं राहिलेल्या लेकरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. लेकरं झोपायला आजीआजोबांकडं, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत. तरी गेल्या हंगामात तिचे दोन नातू संध्याकाळी यायचे नाहीत. आजी चुलीपुढं बसूनच म्हणाली, “जेवण चांगलं असतं माय. पण सात वाजता सोडता. मधी ओढा हाय आन् मला रातचं दिसत न्हाई. कोण आणील त्यांला?” मग ती त्यांना चटणी-भाकरी देऊन निजवायची.

जे आधीच निघून गेले होते त्यांना रात्री नऊनंतर फोन केले. कर्नाटकातून एक बाप म्हणाला, दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड जवळ आहे, शाळा नावही घालून घेईल, पण तिथं सगळं कानडीत. लेकराला काय कळणार? हंगामी वसतिगृह नीट चाललं तर दोघांना गावातच ठेवीन म्हणाला.

जेवणाच्या वेळेला एक रुपयाही लागला नाही. समितीच्या बैठकीत ठराव केला, शाळा सुटली की साडेपाचला वाढायचं. यंदा वसतिगृह सुरू झालं त्या आठवड्यापासून आजीचे नातू पंगतीत बसले.

पाण्याला मात्र भांडावं लागलं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही विषय मांडला, तेव्हा शाळा जिल्हा परिषदेची, ग्रामपंचायतीचा संबंध नाही, असं उत्तर मिळालं. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, हे आम्ही आसपासच्या शाळा बघणाऱ्या केंद्रप्रमुखांकडून आधीच समजून घेतलं होतं. ते सांगितलं, 84 घरांची यादी वाचली. मुलींचं ते चार दिवसांचं मी उभी राहून बोलले. सभेत शांतता पसरली, मग मागच्या बायकांनी हात वर केले. ठराव झाला. जानेवारीत मोटार बसली, टाकीत पाणी चढलं.

तांड्याचं अजून अर्धवट आहे. तिथली बारावी झालेली एक मुलगी सकाळी पहिलीच्या वर्गात बसते, लेकरांना गोरमाटीतून समजावते. पोरं आता बोलतात. पण ती हे फुकट करते, ते मला पटत नाही. शाळेचं वर्षाचं अनुदान 25 हजार, त्यात खडूपासून वीजबिलापर्यंत सगळं भागवायचं. तिच्या मानधनासाठी तालुक्याच्या कार्यालयात अर्ज दिलाय, पोचही घेतली आहे. पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर तांड्यावरच्या दोघी आयांना घेऊन मी परत जाणार आहे.