हॅरी राइट : क्रिकेटच्या घरातला बेसबॉल मॅनेजर

सर्वच्या सर्व खेळाडूंना उघडपणे पगार देणारा पहिला बेसबॉल संघ म्हणजे 1869 चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज आणि त्याचा कर्ता माणूस हॅरी राइट. त्या वर्षी हा संघ एकही सामना हरला नाही. मला मात्र राइटविषयी कुतूहल वाटू लागले ते पुढच्या वर्षीच्या पराभवामुळे.

14 जून 1870 रोजी ब्रुकलिनच्या कॅपिटोलाइन मैदानावर तिथल्याच अटलांटिक्स संघाविरुद्धचा सामना नेहमीच्या नऊ इनिंगनंतर 5-5 असा बरोबरीत होता. यजमान बरोबरीवर समाधानी होते आणि राइटनेही मान डोलावली असती, तर अपराजित राहण्याचा विक्रम सुखरूप राहिला असता. त्याने मात्र नियमावर बोट ठेवून खेळ पुढे चालू ठेवायला लावला, अकराव्या इनिंगमध्ये दोन धावांची आघाडी मिळवली आणि त्याच इनिंगच्या उत्तरार्धात तीन धावा देऊन सामना 8-7 असा गमावला. याला कोणी हट्ट म्हणेल. मला तो त्याच्या हिशेबी स्वभावाशी सुसंगतच वाटतो, कारण निकाल लागेपर्यंत खेळायचे, हे त्याच्या लेखी प्रेक्षकांचे देणे होते.

हा हिशेबीपणा त्याला घरातूनच मिळाला असावा. त्याचा जन्म 1835 मध्ये इंग्लंडमधील शेफील्डचा. वडील सॅम्युएल न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे व्यावसायिक खेळाडू होते आणि स्वतः हॅरी 1865 मध्ये सिनसिनाटीला गेला तोही क्रिकेट क्लबाच्या नोकरीवर. खेळासाठी पैसे घेण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. 1869 मध्ये त्याने स्वतःला 1,200 डॉलर आणि शॉर्टस्टॉपवर, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, खेळणाऱ्या धाकट्या भावाला, जॉर्जला, 1,400 डॉलर ठरवले. भावावरची माया बाजूला ठेवली, तरी हा व्यवहार चोख होता, कारण जॉर्ज खरोखरच संघातला सर्वोत्तम खेळाडू होता.

मॅनेजर म्हणून त्याचे खरे काम मैदानाबाहेर अधिक होते. सामने ठरवणे, प्रवास आणि मुक्कामाची सोय, तिकिटांचे उत्पन्न, करार हे सारे तो स्वतः पाहत असे; त्याच्या पत्रव्यवहाराच्या वह्या आजही न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. मैदानावर त्याने नियमित सराव आणि एका क्षेत्ररक्षकाच्या मागे दुसऱ्याने धावून आधार देणे, या गोष्टी संघाच्या अंगवळणी पाडल्या.

सिनसिनाटीने 1870 नंतर पगारी संघ बंद केला, तेव्हा तो बोस्टनच्या संघाकडे गेला आणि 1872 पासून व्यावसायिक लीगची सलग चार विजेतेपदे मिळवली. 1875 मध्ये तर 71 विजय आणि अवघे 8 पराभव. त्यानंतर शिकागोने त्याचे चार प्रमुख खेळाडू पळवले आणि 1876 मध्ये बोस्टन चौथ्या स्थानावर घसरले, तरीही पुढच्या दोन्ही वर्षी विजेतेपद पुन्हा त्याच्याकडेच आले. उरलेल्या खेळाडूंतून पुन्हा संघ उभा करण्याची ही कामगिरी मला 1869 च्या अपराजित मोसमापेक्षा मोठी वाटते.

पुढे प्रॉव्हिडन्स आणि मग 1884 ते 1893 फिलाडेल्फिया. तिथे विजेतेपद मिळाले नाही आणि 1890 मध्ये काही काळ दृष्टीही गेली होती. 1895 च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला. पुढच्या वर्षी 13 एप्रिलला त्याच्या स्मारकाच्या निधीसाठी सामने खेळवले गेले. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, जॉर्जची निवड 1937 मध्ये झाली. त्याला 1,400 डॉलर देणाऱ्या थोरल्या भावाला मात्र 1953 पर्यंत थांबावे लागले.