स्टॉकहोम: एका तिकिटात पाण्यावरून आणि खडकाखालून

स्टॉकहोमच्या नकाशात जमिनीइतकंच पाणी दिसतं. शहर 14 बेटांवर वसलेलं आहे. पश्चिमेला मेलारेन हे गोड्या पाण्याचं सरोवर, पूर्वेला बाल्टिक समुद्र, आणि दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जुनं गाव. त्यामुळे इथे टूर बसमध्ये बसून फिरू नका असं मी आधीच सांगेन. बस पुलांवरून पळते आणि पाणी नुसतं खिडकीतून दिसतं. सार्वजनिक वाहतुकीचं एक साधं तिकीट तुम्हाला बोटीत बसवतं आणि तेच तिकीट खडकात कोरलेल्या मेट्रोतही चालतं. शहर समजायला यापेक्षा सोपी वाट नाही.

सुरुवात आर्लांडा विमानतळापासून. एक्सप्रेस गाडी सुमारे 20 मिनिटांत शहरात पोचवते, पण बरीच महाग आहे. उपनगरी गाडी, म्हणजे पेंडेलटोग, तीही थेट विमानतळाखालून सुटते. मात्र त्या स्टेशनावर आत-बाहेर करण्याचा वेगळा अधिभार आहे. साधं तिकीट काढून खाली उतरलेले प्रवासी तिथल्या गेटपाशी अडतात ते याच कारणाने. सगळ्यात स्वस्त मार्ग असा: टर्मिनलबाहेरून 583 क्रमांकाची बस घेऊन मेर्श्ता स्टेशन, आणि तिथून पेंडेलटोगने 'स्टॉकहोम सिटी'. हे सगळं 75 मिनिटांच्या साध्या तिकिटात बसतं, कारण बसला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि गाडीला चाळीसच्या आसपास. सामान जड असेल आणि माणसं थकलेली असतील तर मात्र सरळ विमानतळ-बस घ्या. ती पाऊण तासात मध्यवर्ती बसस्थानकावर सोडते.

वाहतूक यंत्रणेचं नाव 'एसएल'. एका प्रवासाचं तिकीट 75 मिनिटं चालतं आणि त्या वेळात मेट्रो, बस, ट्राम, उपनगरी गाडी, बोट, काय हवं ते बदलता येतं. किंमत चाळीस-पंचेचाळीस क्रोनरच्या घरात असते आणि वेळोवेळी वाढते. दिवसाला बऱ्याच वेळा फिरणार असाल तर 24 किंवा 72 तासांचं तिकीट काढा. पाच दिवस राहणार असाल तर 7 दिवसांचंच परवडतं. गेटवर कार्ड नुसतं टेकवूनही तिकीट निघतं, फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रत्येक माणसाला स्वतःचं कार्ड लागतं. आणि फोनमध्ये साठवलेलं कार्ड व हातातलं प्लास्टिकचं कार्ड ही यंत्राला दोन वेगळी कार्डं वाटतात, म्हणून ज्याने सुरुवात केली तेच दिवसभर वापरा.

कार्डाबद्दल भारतातून निघण्यापूर्वीच एक काम करायचं आहे. आपल्या बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय बहुधा बंद असते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दोन्ही चालू करा, मर्यादा वाढवा आणि पिन पाठ असू द्या. हे काम इतर देशांतही उपयोगी पडतं, पण इथे त्याच्यावाचून अडतंच. स्टॉकहोममध्ये कितीतरी बेकऱ्या, म्युझियमं, अगदी सार्वजनिक शौचालयंही रोख घेत नाहीत, आणि बसमध्ये ड्रायव्हर पैसे घेतच नाही. चलन स्वीडिश क्रोना आहे, युरो नाही. घरात उरलेल्या युरोच्या नोटा बरोबर नेण्यात अर्थ नाही. एकाच कार्डावर विसंबू नका, दोन वेगळ्या बँकांची ठेवा.

आता मेट्रो, म्हणजे तिथल्या भाषेत 'टूनेलबाना'. शंभर स्टेशनं आहेत आणि त्यातल्या नव्वदहून अधिक स्टेशनांवर कलाकृती आहेत. पण ही चित्रं पाहताना भिंतीकडेही नीट बघा, कारण खरी गंमत भिंतीत आहे. शहराखाली कठीण खडक आहे. 1970च्या दशकात निळी लाइन खोदली तेव्हा स्टेशनांच्या गुहा चौकोनी करून फरशीने झाकण्याऐवजी उघड्या खडकावर काँक्रीटचा पातळ थर फवारला. खडकाचे उंचवटे, खळगे तसेच राहिले आणि त्यावरच रंग चढवला. टी-सेंट्रालेन या मध्यवर्ती स्टेशनाला निळ्या लाइनच्या फलाटावर या, लाल-हिरव्या लाइनच्या नव्हे. अनेकजण चुकीच्या फलाटावरून परततात आणि 'फोटोतलं दिसलंच नाही' म्हणतात. पर ओलोफ उल्टवेडट यांनी 1975 साली रंगवलेल्या निळ्या वेली तिथे छतभर पसरल्या आहेत. पलीकडच्या कमानीवर कामगारांच्या आकृत्या आहेत. हे स्टेशन बांधणाऱ्यांचीच ती चित्रं. मला सगळ्या मेट्रोत हीच भिंत सर्वात आवडते.

एकाच तिकिटात करण्याजोगी फेरी सांगतो. टी-सेंट्रालेनहून 11 क्रमांकाची, अकाल्लाकडे जाणारी गाडी घ्या. पहिल्याच रोदहूसेत स्टेशनावर उतरा, मातकट गुलाबी गुहा बघा आणि पुढची गाडी पकडा. मग थेट सोलना सेंट्रुम. तिथे रक्तासारखं लाल आकाश आणि त्याखाली स्प्रूस झाडांचं हिरवं जंगल आहे, आणि त्या जंगलात खेड्यांतून होणारं स्थलांतर आणि जंगलतोड यांचीही दृश्यं रंगवलेली आहेत. फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला, नुसता सरकत्या जिन्याचा फोटो काढून वळू नका. परतताना टी-सेंट्रालेनच्या पुढचं, शेवटचं स्टेशन कुंगस्ट्रेडगोर्डेन. वरच्या जागी पूर्वी 'माकालोस' नावाचा राजवाडा होता, तो 1825 साली जळाला. त्याची आठवण म्हणून पुतळे आणि दगडी अवशेष खाली मांडले आहेत. खडकातून इथे पाणी झिरपत राहतं. गर्दीच्या वेळी, म्हणजे सकाळी 7 ते 9 आणि दुपारी 4 ते 6, ही फेरी करू नका. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांची.

कुंगस्ट्रेडगोर्डेनहून वर आलात की दहा-पंधरा मिनिटं चालत, पूल ओलांडून गामला स्तान, म्हणजे जुनं गाव. मधल्या वेस्टरलोंगगाटान रस्त्यावर आठवणवस्तूंची दुकानं एकाला एक लागून आहेत. त्याला समांतर असलेली प्रेस्टगाटान गल्ली धरा. गर्दी एकदम नाहीशी होते आणि कोकब्रिंकेनच्या कोपऱ्यावर घराच्या भिंतीत बसवलेला रुनिक या उत्तर युरोपातल्या प्राचीन लिपीचा शिलालेख दिसतो. मोर्टेन ट्रोटसिग गल्ली सर्वात अरुंद जागी फक्त 90 सेंटिमीटर आहे, 36 पायऱ्यांची. स्टूरटोरियेत चौकातली लाल-पिवळी घरं सगळ्या पोस्टकार्डांवर असतात. याच चौकात नोव्हेंबर 1520 मध्ये डेन्मार्कच्या राजाने स्वीडिश सरदार, धर्मगुरू आणि नागरिकांची कत्तल करवली. रस्ते गोट्यांचे आहेत. चाकांची बॅग ओढत इथल्या हॉटेलात जायचं ठरवलं असेल तर चाकांची आणि मनगटांची काळजी घ्या.

गावाच्या दक्षिण टोकाला स्लुसेन. या शब्दाचा अर्थच पाण्याचं दार, म्हणजे बोटी वर-खाली चढवणारा लॉक. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून इथली जमीन अजून वर येते आहे, वर्षाला काही मिलिमीटर. त्यामुळे मेलारेन, जी एकेकाळी समुद्राची खाडी होती, ती समुद्रापासून तुटून सरोवर झाली. दोन्हींच्या पातळीत साधारण 70 सेंटिमीटरचा फरक पडतो. पहिला लॉक 1642 साली बांधला गेला. हल्ली या चौकाची मोठी पुनर्बांधणी झाली आहे, त्यामुळे जुन्या ब्लॉगांतले 'अमुक जिन्याने उतरा' असे सल्ले मानू नका, तिथल्या पाट्या वाचा.

इथूनच 82 क्रमांकाची बोट सुटते. ती साध्या एसएल तिकिटावर शेप्सहोल्मेन बेटाला लागत दहाएक मिनिटांत यूरगोर्डेन बेटावर सोडते. पर्यटक बोटींचं महागडं तिकीट काढण्याआधी ही बोट घ्या. डावीकडे राजवाडा, उजवीकडे सोडरमाल्म या दक्षिणेकडच्या बेटाचे कडे, सगळं दिसतं. बोट वर्षभर चालते. वाऱ्याचा कोट मात्र जुलैतही लागतो.

यूरगोर्डेनवर उतरून सात-आठ मिनिटं चाललं की वासा म्युझियम. एकच तिकीट काढायचं असेल तर हे काढा. 10 ऑगस्ट 1628 रोजी राजा गुस्ताव दुसरा आडोल्फ याचं हे 69 मीटर लांबीचं, 64 तोफांचं जहाज पहिल्याच सफरीला निघालं आणि जेमतेम 1300 मीटर जाऊन बुडालं. वाऱ्याच्या झोताने ते कललं, खालच्या ओळीतल्या तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यांतून पाणी आत शिरलं. पण मूळ दोष बांधणीत होता. दोन मजले तोफा चढवल्याने वरचा भाग जड आणि उंच झाला, तळ त्यामानाने अरुंद राहिला. तळात सुमारे 120 टन दगडांचा भार होता, तो पुरेसा नव्हता, आणि वाढवायला जागाही नव्हती. वाढवला असता तर त्या खिडक्याच पाण्याजवळ आल्या असत्या. निघण्यापूर्वी 30 माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं डोललं की ती मध्येच थांबवावी लागली. राजा परदेशात युद्धावर होता आणि त्याला जहाज लवकर हवं होतं. आतल्या प्रदर्शनात त्या काळच्या मोजपट्ट्या आहेत: काही स्वीडिश फुटाच्या, 12 इंचांच्या, तर काही अ‍ॅम्स्टरडॅमच्या फुटाच्या, 11 इंचांच्या. एकाच जहाजावर दोन मापांनी काम चाललं होतं.

ते 333 वर्षं टिकलं कसं, याचंही उत्तर पाण्यातच आहे. जहाजाचं लाकूड पोखरणारा समुद्री किडा खाऱ्या पाण्यात जगतो. स्टॉकहोमजवळ बाल्टिक इतका मचूळ आहे की तो किडा इथे पोचत नाही. अँडर्स फ्रांझेन या संशोधकाने 1956 मध्ये जहाज शोधलं. 32 मीटर खोल पाण्याच्या तळाशी, चिखलात, पाणबुड्यांनी त्याच्या पोटाखालून सहा बोगदे खणले, त्यांतून तारदोर ओवले आणि 24 एप्रिल 1961 रोजी ते वर आलं. लाकूड नुसतं वाळू दिलं असतं तर आकसून तडकलं असतं. म्हणून 17 वर्षं त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल फवारलं, म्हणजे पेशींतल्या पाण्याची जागा त्या मेणासारख्या पदार्थाने घेतली. आज दिसतं त्यातलं सुमारे 98 टक्के लाकूड मूळचं आहे.

बघण्याचा क्रम: आधी छोटी फिल्म, मग थेट वरच्या मजल्यावरून मागची नक्षीदार बाजू, आणि शेवटी खाली तळाशी. इंग्रजीतली मार्गदर्शित फेरी तिकिटातच असते, तिची वेळ आत शिरतानाच विचारा. दालनात 18 ते 20 अंश तापमान आणि मंद उजेड राखतात. प्रेक्षकांचे ओले कोटही हवेतली आर्द्रता वाढवतात आणि ती लाकडाला बाधते, म्हणून पावसात आलात तर कोट खाली टांगून ठेवा. जून ते ऑगस्टमध्ये दार सकाळी 8:30ला उघडतं. दहानंतर क्रूझ जहाजांचे गट येतात, तेव्हा पहिल्या तासात जा. दोन ते अडीच तास हवेतच.

नगरभवन मार्गदर्शित फेरीशिवाय आतून बघता येत नाही, आणि समारंभ असेल तर फेऱ्या रद्द होतात. रान्यार ओस्टबेरी यांची ही इमारत 1923 साली पुरी झाली, तिला सुमारे 80 लाख विटा लागल्या. नोबेलची मेजवानी जिथे होते तो 'निळा हॉल' लाल आहे. विटा ठोकून घडवल्यावर त्या इतक्या सुंदर दिसल्या की निळा गिलावा करण्याचा बेत वास्तुकाराने सोडला, नाव मात्र राहिलं. सोनेरी हॉलमध्ये 1 कोटी 80 लाखांहून जास्त मोझेक तुकडे आहेत. 106 मीटरचा मनोरा फक्त उन्हाळ्यात उघडा असतो. वेळ हुकली तर हळहळू नका, सोडरमाल्मवरची मोंतेलियुसवेगेन ही कड्यावरची पायवाट फुकट आहे आणि तिथून नगरभवनासकट सगळं शहर समोर दिसतं.

जेवणाचं गणित दुपारी मांडा. कामाच्या दिवशी 11 ते 2 या वेळात 'दागेन्स लुंच', म्हणजे त्या दिवसाचं ठरावीक जेवण, मिळतं. त्याच किमतीत सॅलड, ब्रेड, पाणी आणि बहुतेक ठिकाणी कॉफीही असते. संध्याकाळी तेच हॉटेल बरंच महाग पडतं. शाकाहारी माणसांनी 'वेगेतारिस्क' हा शब्द शोधावा. गुरुवारच्या पारंपरिक वाटाण्याच्या सूपपासून सावध राहा, त्यात डुकराचं मांस असतं. दही-भाताची आठवण आलीच तर सुपरमार्केटमध्ये 'तुर्किस्क योगुर्ट' घ्या, त्याचा दहीभात उत्तम होतो. 'फिलम्योल्क' पातळ आणि आंबट असतं, त्याचं ताक छान जमतं. कॉफीबरोबर दालचिनीच्या बनपेक्षा मी वेलदोड्याचा बन सुचवेन, 'कार्डेमुम्माबुल्ले'. वेलची इतक्या सढळ हाताने घातलेली असते की चव ओळखीची वाटते. वरून बहुधा अंडं लावलेलं असतं, न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं. नळाचं पाणी बिनधास्त प्या. बाटली विकत घेतलीच तर तिच्यावर 'पांत' म्हणजे अनामत असते, सुपरमार्केटमधल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की परत मिळते.

ऋतूचा विचार तिकीट काढण्याआधीच करा. जूनमध्ये सूर्य साडेतीनला उगवतो आणि दहानंतर मावळतो, झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी न्या. डिसेंबरात तो पावणेतीनच्या सुमारास मावळतो, म्हणून पाण्यावरच्या गोष्टी सकाळी आणि म्युझियमं दुपारनंतर. थंडीत फुटपाथवर बर्फ गोठतो, गुळगुळीत तळाचे बूट चालत नाहीत. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला मिडसमर हा सण टाळा किंवा पूर्ण तयारीने जा. त्या शुक्रवारी लोक गावी जातात आणि शहरातली पुष्कळ दुकानं, हॉटेलं बंद असतात.

एक दिवस हाताशी असेल तर द्वीपसमूहासाठी ठेवा. शहराच्या पूर्वेला सुमारे 30,000 बेटं आणि खडक पसरले आहेत. वॉक्सहोल्म हे सर्वात सोपं: टेक्निस्का हॉगस्कोलान स्टेशनावरून 670 क्रमांकाची बस, एसएल तिकिटावरच, साधारण पाऊण ते एक तास. जाताना बस आणि येताना बोट असं केलंत तर पाण्यावरून शहरात शिरण्याचा अनुभव मिळतो. तिथे उतरताक्षणी पहिलं काम धक्क्यावरचं वेळापत्रक वाचण्याचं करा. आडमोसमात बोटी मोजक्याच असतात, आणि शेवटची बोट चुकली तर 670 सुटते त्या थांब्याकडे वळा.