आईने अ‍ॅडमला "वा" म्हटलं!

काल रात्री जेवणं झाल्यावर आईला मोबाईलवर अमेरिकन गायक अ‍ॅडम लँबर्ट दाखवला, २०१९ च्या ऑस्करची सुरुवात क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड आणि त्याच्या गाण्याने झाली होती ना तो व्हिडिओ, आणि आई चक्क म्हणाली वा, काय आवाज लागतो गं ह्याचा, एवढा वर जाऊनही फाटत नाही. आमच्या बडोद्यात, दांडिया बाजारात, शास्त्रीय गवई फैयाज खाँसाहेबांचे किस्से ऐकत मोठी झालेली बाई आहे ती, तिची "वा" सहज मिळत नाही.

मग मी सगळंच सांगत बसले. २००९ ला अमेरिकन आयडॉलमध्ये दुसरा आला, लगेच मासिकाच्या मुलाखतीत मी गे आहे असं उघड सांगितलं, त्याच वर्षी अवॉर्ड शोमध्ये स्टेजवर कीबोर्डवाल्याला किस केलं तर केवढा गदारोळ, चॅनलने त्याचा पुढचा कार्यक्रमच रद्द केला. आणि २०१२ मध्ये त्याचा ट्रेसपासिंग अल्बम आला तो थेट बिलबोर्ड २०० वर, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत, एक नंबरला!! उघडपणे गे असलेल्या गायकाच्या बाबतीत असं पहिल्यांदाच झालं. तीनच वर्षांत. मला अजून सांगताना भरून येतं.

क्वीनच्या ज्या मूळच्या गायकाची, फ्रेडी मर्क्युरीची, गाणी अ‍ॅडम गातो तो फ्रेडी गुजराती पारशी घरातला, शाळा पाचगणीला, हे ऐकून आई म्हणे अगं मग आपल्याकडचाच की.

आज सकाळी चहा गाळता गाळता स्वतःहून म्हणाली, तो कालचा मुलगा लाव ना परत.