झाकणाचे छिद्र

लातुरात माझे दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे. जुन्या 350 सीसी बुलेटची ठेवण पार बदलून घेतलेली औशाच्या एका तरुणाची गाडी मे महिन्यात माझ्याकडे आली आणि तिची पहिली दुरुस्ती मी चुकीची केली, हे मला अजून टोचते.

औशाच्या वाटेवर सात-आठ किलोमीटर गेले की ती फटफट करून बंद पडे आणि दहा मिनिटांनी पहिल्या किकला चालू होई. कोणी उन्हाला दोष दिला, कोणी पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला. दोष सापडला नाही की हल्ली तो इथेनॉलच्या माथी मारायची सोयच झाली आहे. प्लग पांढराफटक निघाला, म्हणजे पेट्रोल कमी पडत होते. टाकीच्या पेट्रोल-कॉकखालचा पाइप काढून पेट्रोल बाटलीत सोडले, तर धार चांगली जाड होती. उघडा एअर फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर पाहून, हवा वाढली असणार असा हिशेब मी केला आणि तिला पेट्रोल पुरावे म्हणून कार्बोरेटरमधला 90 चा मेन जेट (इंजिनाला पेट्रोल मापून सोडणारी बारीक छिद्राची नळी) काढून मोठ्या छिद्राचा 110 चा बसवला. वास्तविक मेन जेटचा खरा अंमल थ्रॉटल पाऊणच्या वर गेल्यावर असतो आणि ही गाडी अर्ध्या थ्रॉटललाच दम सोडत होती.

चार दिवसांनी ती परत आली, तेव्हा मी स्वतः चालवून पाहिली. ती बंद पडताच मागे बसलेल्या तरुणाने उतरून, पेट्रोल आहे का हे पाहायला सवयीने टाकीचे झाकण उघडले आणि आत हवा ओढली गेल्याचा ‘स्स’ असा आवाज आला.

टाकी रंगवणाऱ्याने झाकणही हौसेने रंगवले होते आणि त्याचे हवेचे छिद्र रंगाने बुजले होते. अशा कारागिरांची नजर चकाकीपलीकडे जात नाही. पेट्रोल खाली उतरले तरी वर हवा शिरत नसल्याने टाकीत ओढ तयार होई आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल साठवणारे फ्लोट चेंबर रिकामे पडे. त्यातून ही बुटकी टाकी कार्बोरेटरपासून जेमतेम चार बोटे वर होती. गाडी विश्रांतीने नव्हे, झाकण उघडल्याने चालू होत होती. बाटलीची चाचणीही मी झाकण उघडे ठेवूनच केली होती.

बारीक तारेने छिद्र मोकळे केल्यावर 110 चा जेट काळा धूर ओकू लागला. शेवटी 100 चा बसवला, पूर्ण थ्रॉटलवर पळवून क्लच दाबून इंजिन बंद केले आणि प्लग काढला, तेव्हा तो विटकरी निघाला, म्हणजे हवा आणि पेट्रोलचे प्रमाण जुळले होते.

पहिल्या खेपेचे पैसे मी परत केले. मात्र गेल्या उन्हाळ्यात ‘ऊन लागले’ म्हणून ज्या गाड्या मी तशाच परत पाठवल्या, त्यांची झाकणे मी तपासली नव्हती.