बोलोन्यात, बाळासकट

इटलीतल्या बऱ्या रेस्टॉरंटांची चूल संध्याकाळी साडेसातच्या आत पेटत नाही. आमची चिऊ साडेसातला झोपते. आमच्या सहलीतली निम्मी भांडणं या दोन वाक्यांत आली.

व्हेनिसमध्ये आम्ही पुलांच्या पायऱ्यांवरून बाबागाडी उचलत फिरलो, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. फ्लॉरेन्सला ऊफित्सी कलासंग्रहालयाच्या रांगेत ती टक्क जागी होती आणि बोत्तिचेल्लीच्या चित्रांसमोर ढाराढूर झोपली. बोलोन्या मात्र पोराबाळांच्या माणसांसाठीच बांधलंय की काय असं वाटलं. रस्त्यांच्या कडेने कमानींच्या लांबच लांब ओसऱ्या, सगळ्या मिळून बासष्ट किलोमीटरच्या. २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. मला त्यांचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी. बाहेर धो धो पाऊस, आणि बाबागाडीवर प्लास्टिक चढवायची गरजच पडली नाही.

इथलं जेवण म्हणजे नवऱ्याचं जुनं स्वप्न. टॅग्लियातेल्ले ही पट्टीसारखी पास्त्याची जात शिजल्यावर आठ मिलिमीटर रुंद भरली पाहिजे, तसा ठराव १९७२ मध्ये झालाय आणि सोन्याची एक पट्टी नमुना म्हणून चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ठेवलीय, हे त्याने आम्हाला विमानातच ऐकवलं होतं. त्यामुळे रेस्टॉरंटही त्याने तसलंच निवडलं. कडक इस्त्रीचे पांढरे टेबलक्लॉथ, लांब दांड्यांचे ग्लास, आणि आवाज म्हणाल तर फक्त काट्याचमच्यांचा. मी दारातच म्हटलं, "तुम्ही दोघं जेवा, मी हिला घेऊन ओसरीत फिरते." सासूबाई म्हणाल्या, "फिरायचं कशाला? मी भरवते." त्यांच्या पिशवीत थर्मासमध्ये मऊ भात होता. तूप-मेतकूट घातलेला.

मी एवढी का बिचकत होते, ते सांगते. पुण्यात एका नावाजलेल्या, झगमगीत ठिकाणी आम्हाला बाळाची खुर्ची मिळाली ती पट्टा तुटलेली, कडेला आधीच्या पोराचा भात वाळलेली. टेबल मिळालं ते स्वच्छतागृहाशेजारचं. चिऊ एकदा किंचाळली तर मॅनेजर दोनदा येऊन "सगळं ठीक ना, मॅडम?" विचारून गेला. याउलट कोपऱ्यावरच्या उडुप्याकडे गेलं की वेटर तिला कडेवर घेऊन मासे दाखवायला नेतो आणि आम्ही गरम डोसा खातो. आपल्याकडे बिल जसं वाढतं तसा बाळाबद्दलचा जिव्हाळा आटतो, हे माझं ठाम मत आहे.

इथला वेटर साठीचा, पांढऱ्या मिशांचा. त्याने आमच्याकडे नीट पाहिलंही नाही, थेट चिऊकडे गेला. "प्रिन्चिपेस्सा!" म्हणजे राजकन्या. खुर्ची आली. तिच्या हाताच्या टप्प्यातले ग्लास आणि सुऱ्या न बोलता दूर गेल्या. पाच मिनिटांनी चिऊने टेबलक्लॉथ ओढून पावाची टोपली पाडली, तेव्हा त्याने नुसती दुसरी टोपली आणून ठेवली. मला माफी मागायलाही जागा दिली नाही.

शेजारच्या टेबलावर एक आजी होत्या, मोत्यांची माळ घातलेल्या. त्या मघापासून चिऊच्या अनवाणी पायांकडे बघून मान हलवत होत्या. शेवटी त्यांनी सासूबाईंना खुणेने विचारलं, मोजे कुठायत? सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. दोन देशांच्या आज्यांचं माझ्याविषयी तिथल्या तिथे एकमत झालं.

चिऊच्या पहिल्या दाढा येत होत्या, त्यामुळे भात दोन घासांत संपला आणि भोकाड सुरू झालं. मी उठलेच. तेवढ्यात मिशावाल्याने तिला उचललं आणि तो सरळ स्वयंपाकघरात चालता झाला! मागोमाग सासूबाई, पदर खोचून, "अहो, अहो, कुठे नेताय तिला?" करत. आत काय झालं मला दिसलं नाही. रडं थांबल्याचं तेवढं ऐकू आलं.

परत आली तेव्हा तिच्या मुठीत पार्मेजान चीजच्या सालीचा बोटभर लांब, दगडासारखा टणक तुकडा होता. बाहेरून खरवडून साफ केलेला. तिकडे दात येणाऱ्या बाळांना हेच देतात म्हणे. सासूबाईंचा चेहरा उजळलेला. "अगं, ही तर खारीकच यांची! आपण नाही का देत चावायला?" चिऊ तो तुकडा तन्मयतेने चघळत होती, हनुवटीवरून लाळेची धार. लांबून मोत्यांच्या आजींनी समाधानाने ग्लास उचलला.

नवऱ्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. अस्सल पार्मेजानमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, हे आम्हा दोघांना माहीत होतं. सासूबाई अंड्याच्या केकलाही हात लावत नाहीत. त्यांच्यासाठी मुद्दाम अंड्याशिवायचे पदार्थ विचारून घेतले होते, आणि त्यावर त्या समोरच्या वाटीतलं किसलेलं चीज मघापासून सढळ हाताने भुरभुरवत होत्या. मी नवऱ्याचा पाय परत दाबला. नंतरचा सव्वा तास मी गरम टॅग्लियातेल्ले गरमच खाल्ली, दोन्ही हातांनी. वर्षभरात पहिल्यांदा. ते मोडायची माझी तयारी नव्हती.

बिलात दर माणशी लावतात तो कोपेर्तो तिघांचाच होता. सासूबाईंनी तपासून घेतलं.

दुसऱ्या दिवशी क्वाद्रिलातेरोच्या गल्ल्यांमधल्या एका चीजच्या दुकानात त्यांनी दोन किलोचा तुकडा बांधून घ्यायला लावला. अर्धा नणंदेच्या धाकट्यासाठी, त्यालाही दात येतायत. दुकानदार हवा काढून पाकीट बंद करत असताना त्यांनी लेबल निरखलं आणि लेकाला विचारलं, "काय काय घालतात रे यात?"

"दूध," तो म्हणाला. "आणि मीठ."