आजीच्या चालीची पंधरा चित्रं

सोबतची चित्रं ओळीने पाहिलीत तर एकच बाई पंधरा वेळा दिसेल. ती माझी आजी. ही पंधरा चित्रं पडद्यावर जेमतेम सव्वा सेकंद टिकतात. काढायला मला तीन आठवडे लागले.

मी फ्रान्समध्ये आंगुलेमला अ‍ॅनिमेशन शिकते. शारांत नदीच्या काठचं हे गाव पूर्वी कागदाच्या गिरण्यांसाठी ओळखलं जायचं. १९७४ साली इथे कॉमिक्सचा महोत्सव सुरू झाला आणि गाव चित्रांचंच होऊन गेलं. रस्त्यांच्या नावांच्या पाट्यासुद्धा कॉमिक्समधल्या संवादाच्या फुग्यासारख्या आहेत, घरांच्या अख्ख्या भिंती रंगवलेल्या आहेत. पहिला आठवडा मी मान वर करूनच चालत होते.

दुसऱ्या सत्रात काम मिळालं: ओळखीच्या एका माणसाची चाल करा. सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. मी आजी निवडली आणि पुस्तकात असतं तसं सगळं केलं. टाच टेकली, गुडघा वाकला, दुसरा पाय पुढे गेला, अंग वर आलं. १२ चित्रांत दोन पावलं. आमच्या बाईंनी ते चार-पाच वेळा चालवून पाहिलं आणि दोनच प्रश्न विचारले. हिचं वजन कुठल्या पायावर आहे? आणि दोन पायांच्या मध्ये हे कापड काय करतंय?

मला एकाचंही उत्तर येईना. नऊवारी मी घंटेसारखी काढली होती, खाली गोल घेर. जिच्या मागे मागे लहानपणी शेताच्या मेरेवरून चालले, तिचा कासोटा मला आठवत नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी सातला घरी व्हिडिओ कॉल लावला. कुडाळला तेव्हा साडेअकरा वाजले होते. आईने फोन धरला आणि आजी पडवीपासून तुळशीपर्यंत चालली. "माझा चालणा काय बघतंस गो?" म्हणाली, पण तीन फेऱ्या मारल्या. ते सगळं मी रेकॉर्ड केलं आणि मग एकेक फ्रेम पुढे सरकवत बसले.

आजीचा उजवा गुडघा दुखतो. त्यामुळे उजव्या पायावर ती थांबतच नाही, डावं पाऊल घाईने खाली येतं. डाव्यावर मात्र भार टाकून जरा विसावते. म्हणून डाव्या पायावर नऊ चित्रं आणि उजव्यावर सहा. आणि कासोटा! पाऊल पुढे पडलं की कापड दोन पायांमध्ये ताणलं जातं, पाय जवळ आले की सैल पडतं, आणि मागचा खोचा अंगापेक्षा दोन चित्रं उशिरा हलतो. निळ्या पेन्सिलीने हे आधी कच्चं काढलं, लाइट टेबलवर पानं चाळून पाहिली. चौथ्या खेपेला ती चालायला लागली तेव्हा मी वर्गातच रडले.

पावलं मुद्दाम जाड रेषेत आहेत. आमच्याजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार एकेक चित्र समोर धरून चित्रकथी सांगतात. चित्र जागचं हलत नाही, गोष्ट पुढे जाते ती सांगणाऱ्याच्या आवाजावर. त्या चित्रांतली बाजूने काढलेली, जमिनीला घट्ट टेकलेली पावलं माझ्या डोक्यात होती.

पहिल्या १२ चित्रांची रेष जास्त सफाईदार आहे, हे मलाही दिसतं. तरी ती इथे टाकली नाहीत. ती कुणाचीही आजी असू शकते.

या पंधरातलं अकरावं चित्र नीट बघा. पदर किंचित उडाल्यासारखा दिसतो. आजीचा पदर कायम कमरेला खोचलेला असतो, तो उडायचं काही कारणच नाही. तेवढं सोमवारी पुन्हा काढते.