बाप्तिस्मा एकदाच : माझा अनुभव

“तू तर जन्मानेच ख्रिस्ती, मग आता बाप्तिस्मा कसला?” हा प्रश्न मला ऑफिसातल्या मैत्रिणींनी विचारला, तसाच नात्यातल्यांनीही विचारला. ख्रिस्ती घरात जन्म झाला म्हणून बाप्तिस्मा आपोआप होत नाही. पप्पा नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेले. तिथे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देतात. मम्मी मात्र अशा फेलोशिपमधली, म्हणजे अशा ख्रिस्ती मंडळीतली, जिथे माणूस कळता झाला, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला, की मगच त्याला पाण्यात पूर्ण बुडवून वर काढतात. माझ्या जन्मानंतर दोघांनी मिळून ठरवलं, की आत्ता फक्त समर्पण करायचं. म्हणजे बाळाला मंडळीपुढे आणून देवाच्या हाती सोपवायचं, प्रार्थना करायची, पाणी नाही. पुढचं तिचं तिने ठरवावं.

ते ठरवेपर्यंत मी तिशीला आले. शब्बाथशाळा झाली, तरुण संघ झाला, नाताळची गाणी बसवून झाली, पण येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेतात त्या प्रभुभोजनाच्या वेळी, बाप्तिस्मा नसल्याने, मी बाकावरच बसून राहायचे. भाकर आणि प्याला शेजारून पुढे जायचा. लहानपणी त्याचं काही वाटत नसे. नंतर फार वाटू लागलं. शेवटी नव्या वर्षाच्या उपासनेनंतर मी पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडे, बाप्तिस्म्याचा अर्ज मागितला.

अर्ज साधा होता. नाव, जन्मतारीख, आईवडील कोणत्या मंडळीचे, आणि एक रकाना : पूर्वी बाप्तिस्मा झाला आहे काय? मी ‘नाही’ लिहिलं. घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, तू सातव्या महिन्यातली. काचेच्या पेटीत ठेवलं होतं तुला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. तेव्हा तिथल्या एका सिस्टरने तुझ्या कपाळावर पाणी घालून प्रार्थना केली. तुला तेव्हाच देवाची केलीय.”

ही गोष्ट घरात कधी निघालीच नव्हती. मम्मी त्या वेळी स्वतःच अत्यवस्थ होती, पप्पा औषधांसाठी बाहेर धावत होते. मी पुढच्या रविवारी पाळकसाहेबांना ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि विचारलं, “तिने पाणी वापरलं हे नक्की? आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, हे शब्द उच्चारले का? दोन्ही झालं असेल, तर तुझा बाप्तिस्मा झालेला आहे. मग मला तो पुन्हा देता येणार नाही.”

मला आश्चर्यच वाटलं. पाळक नाही, चर्च नाही, मंडळी नाही, आणि तरी बाप्तिस्मा? त्यांनी समजावलं, की जीव धोक्यात असेल तर साध्या विश्वासणाऱ्यानेही बाप्तिस्मा द्यावा, ही रीत मंडळीत फार जुनी आहे. आणि बाप्तिस्मा एकच. बायबलमध्ये प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलं ते तेच, एक प्रभू, एक विश्वास, एकच बाप्तिस्मा. ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेशी जोडलेल्या विश्वासांगीकारातही, म्हणजे मंडळीने एकत्र म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीतही, ‘एकच बाप्तिस्मा’ आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत यावरून मंडळी फुटली होती. छळाच्या काळात ज्यांनी भिऊन पवित्र ग्रंथ शत्रूच्या हवाली केले, अशा बिशपांशी ज्यांचा संबंध राहिला त्यांनी दिलेला बाप्तिस्मा खरा मानायचा का, असा तो वाद. डोनाटस नावाच्या बिशपाच्या बाजूचे लोक म्हणाले, नाही, पुन्हा घ्या. तिथल्याच ऑगस्टिन या बिशपाचं म्हणणं पडलं, की पाणी घालणारा कसाही असो, बाप्तिस्मा देतो ख्रिस्तच.

“त्या सिस्टरचे हात भीतीने थरथरत असतील,” पाळकसाहेब म्हणाले, “म्हणून देवाचं काम थरथरत नाही.”

मग शोध सुरू झाला. हॉस्पिटलातल्या जुन्या नोंदी उरल्या नव्हत्या. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत त्या वर्षाची पानं आम्ही दोघांनी बोट फिरवत वाचली, माझं नाव नव्हतं. आत्या तेव्हा तिथे होती. तिला पाणी आठवत होतं, शब्द आठवत नव्हते. ती सिस्टर कुठली, पुढे कुठे गेली, कोणालाच सांगता येईना.

या शोधाने माझ्या मनातली एक मोठी गोष्ट हलवली. आतापर्यंत मी धरून चालले होते, की बाप्तिस्मा म्हणजे मी देवाला दिलेली कबुली, माझा निर्णय, माझं पाऊल. आता सगळा प्रश्न येऊन ठेपला होता तो दुसऱ्या कोणी माझ्यासाठी काय केलं यावर. पेटीतल्या त्या बाळाने काहीच ठरवलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग असायचा. तिथे मी हेच परोपरीने विचारत राहिले. मी विश्वास ठेवतेच, मग पाणी कशाला? येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या, शेवटच्या घडीला विश्वास ठेवलेल्या चोराचा बाप्तिस्मा कुठे झाला होता? आणि आमच्या नगरचे कवी नारायण वामन टिळक, जन्माने ब्राह्मण! १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो संसार मोडण्याची जोखीम पत्करून. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं दूर राहिल्या आणि पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्याच टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तांचा मेळा उभा केला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. ज्याने त्या पाण्याची किंमत मोजली, त्यानेच शेवटी दार इतकं मोठं ठेवलं.

पाळकसाहेबांना टिळकांविषयी अतोनात प्रेम आहे. ते म्हणाले, “देव पाण्याने बांधलेला नाही. आपण मात्र बांधलेले आहोत, कारण प्रभूने तशी आज्ञा दिली. चोराला वेळच नव्हता. तुला आहे.” मग त्यांनी रोमकरांच्या पत्राचा सहावा अध्याय काढला. ख्रिस्ताबरोबर पुरले जाणं आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणं. “मेलेला माणूस स्वतःला पुरत नाही,” ते म्हणाले, “आणि स्वतःहून उठतही नाही. म्हणून बाप्तिस्मा घ्यावा लागतो दुसऱ्याच्या हातून. येशूसुद्धा यार्देन नदीवर बाप्तिस्मा देणाऱ्या योहानापुढे जाऊन उभा राहिला.”

मला गर्दीत उभं राहण्याचा संकोच होता. घरी प्रार्थना करून आपलं आपण केलं तर, असंही मी विचारलं. तेव्हा त्यांनी जॉन स्मिथची गोष्ट सांगितली. १६०९ साली ॲमस्टरडॅममध्ये या इंग्रज पाळकाला खरी मंडळी कुठे दिसेना, म्हणून त्याने आधी स्वतःलाच बाप्तिस्मा दिला, मग सोबत्यांना. पुढे त्याला स्वतःलाच ते चुकीचं वाटलं आणि तो तिथल्या मेनोनाइट मंडळीत सामील व्हायची परवानगी मागू लागला.

वर्गातला माझ्यासाठी सर्वांत जड भाग गलतीकरांच्या पत्राचा होता. जितक्यांनी ख्रिस्तात बाप्तिस्मा घेतला, तितक्यांनी ख्रिस्त पांघरला, आता यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही. माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. त्यांच्यासाठी हे वचन म्हणजे एका सतरंजीवर बसणं आणि एका प्याल्यातून पिणं होतं. त्यांनी त्यासाठी गाव अंगावर घेतलं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्यांच्या ख्रिस्ती वंशजांना आजही अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही, तरी आमच्या घरात त्या बाप्तिस्म्याबद्दल कधी कोणी हळहळलं नाही. मंडळीतही लग्नं जमवताना जुनी जात डोकावते, हे मला ठाऊक आहे, आणि ते मला बाप्तिस्म्याशी केलेली बेइमानी वाटते.

तारीख ठरली ईस्टरची. प्राचीन मंडळीत ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा होत असे. चौथ्या शतकातल्या यरुशलेमेत उमेदवार आधी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारत आणि मग पूर्वेकडे वळून विश्वास कबूल करत.

इथे मम्मीचा आग्रह आडवा आला : बुडवूनच व्हायला हवं. पुरणं म्हणजे पुरणं, नुसतं शिंपडणं नाही. तिचं म्हणणं मला पटत होतं. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, आणि तिला यात अडचण नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला ही मंडळी एक झाली तेव्हा बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि काँग्रिगेशनल जसे आत आले, तसे फक्त कळत्यांना बुडवणारे बाप्टिस्टही आले. तीन वेळा पुढे वाकवून बुडवणारी ब्रदरन मंडळीही आली. दोन्ही रीती मान्य करूनच ही एकी झाली. अडचण पाण्याची होती. एप्रिलमध्ये आमच्याकडे टँकर सुरू होते, चर्चच्या हौदाला तळ दिसत होता, आणि धरणापर्यंत आजीला नेणं शक्य नव्हतं.

पाळकसाहेबांनी मम्मीला बसवून ‘डिडाखे’तला उतारा वाचून दाखवला. पहिल्या-दुसऱ्या शतकातली ही मंडळीची शिकवण सांगते : वाहत्या पाण्यात द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर कोमट, आणि तितकंही नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओता. टंचाईचा विचार त्यांनीही केलेला होता. मम्मी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ओता तीनदा, पण भरपूर ओता.” त्याच उताऱ्यात आधी उपवास करायला सांगितलंय. तो मी केला आणि मम्मीनेही माझ्याबरोबर केला.

सिस्टरचा प्रश्न मात्र तसाच होता. त्यावर पाळकसाहेबांनी अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातली जुनी वाट घेतली, सशर्त बाप्तिस्म्याची. ईस्टरच्या सकाळी, दुष्टाईचा त्याग आणि विश्वासाची कबुली झाल्यावर, त्यांनी आधी मंडळीला विचारलं, हिला विश्वासात सांभाळाल का? सगळे उभे राहून “होय” म्हणाले. मग त्यांनी माझं नाव घेऊन म्हटलं, “तुझा बाप्तिस्मा आधीच झालेला नसेल, तर मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.” प्रत्येक नावाला तांब्याभर पाणी. पाठीपर्यंत सगळी भिजले.

त्या ‘नसेल तर’चं मला आधी वाईट वाटत होतं, आपला बाप्तिस्मा अर्धवट राहील असं. उभी होते तेव्हा उलटंच वाटलं. त्या सिस्टरने जे केलं असेल त्याला धक्का न लावता हे चाललं होतं. माझ्या निर्णयाआधीही कोणीतरी माझ्यासाठी हात पुढे केला होता, आणि मंडळी तो हात विसरायला तयार नव्हती. नोंदवहीत नाव, तारीख, साक्षीदार म्हणून आत्याची सही झाली, शेऱ्यात ‘सशर्त’ असं लिहिलं गेलं. त्याच उपासनेत मी पहिल्यांदा प्रभुभोजन घेतलं. आजी शेजारी होती. प्याला तिने माझ्या हातात दिला.

काही महिन्यांनी मम्मीच्या फेलोशिपमधल्या एका वडीलधाऱ्या काकांनी प्रेमाने सुचवलं, की आता पाऊस झालाय, नदीला पाणी आहे, विधिवत बुडवून घे, म्हणजे तुझ्या आईचंही समाधान होईल. मी त्यांना म्हटलं, “काका, तुमच्याबरोबर मी नदीवर येईन, गाणी म्हणेन, दुसऱ्या कोणाचा बाप्तिस्मा असेल तर टॉवेल धरून उभी राहीन. माझा झालाय.” मी आणखी काही बोलायच्या आत मम्मीच पुढे म्हणाली, “हो, झालाय तिचा. मी होते तिथे.”